चष्मा सांभाळू का लगाम? (नंबर साडेपाच, घोडेस्वारी शिकायलेय)

माळावरची

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते, शाळेत शिकवते, वय ३४. तीन महिने झाले, होटगी रोडच्या पुढं एका ओळखीच्यांच्या शेतावर घोडी आहेत तिथं शनिवार-रविवार सकाळी घोडेस्वारी शिकायलेय. लहानपणापासूनची इच्छा होती, आता कुठं जमलंय, त्यामुळं सोडायची अजिबात तयारी नाही हे आधीच सांगते.

प्रॉब्लेम चष्म्याचा आहे. नंबर उजव्याला मायनस ५.५, डाव्याला ५.२५, वर सिलिंड्रिकल (तिरका नंबर) १.२५. चालीवर असते तोवर काही नाही, पण घोडी दुडकीला लागली की आपण उठ-बस करतो ना, तर प्रत्येक उठ-बसला चष्मा थोडाथोडा खाली येतो, त्यात घाम, मग लगामातला एक हात काढून वर ढकलायचा, तेवढ्यात लगाम वाकडा ओढला जातो, घोडी मान झटकते आणि सर ओरडतात, "हात! हात कुठंय!" एका फेरीत चार वेळा तरी हे होतं.

मागच्या रविवारी मात्र भीतीच वाटली. बांधाच्या कडेनं दुडकीवर चाललो होतो, गवतातनं तित्तर फडफडत उडाला, घोडी बिचकून बाजूला सरकली. मांड टिकली, देवाची कृपा, पण चष्मा गेला. आणि मग मला काहीच दिसेना. ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांना कळेल, मला तळहातावरच्या रेषा बघायला हात नाकाजवळ आणावा लागतो. घोडीचे कान म्हणजे दोन पुसट डाग, त्यांच्या पुढं नुसता मातीचा रंग. उतरायचं तर जमीन किती खाली आहे कळत नव्हतं. घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दार मामांनी घोडी धरली, मला उतरवलं, मग चष्मा शोधला तर एक काच नालाखाली येऊन गेलेली, काडी वेगळी.

आता सर म्हणतात चष्मा काढूनच बसत जा, घोडी बघते रस्ता. मैत्रीण म्हणते कॉन्टॅक्ट लेन्स लाव. आई म्हणते ऑपरेशन करून टाक एकदाचं. सोलापूरची धूळ आणि ऊन तुम्हाला माहितीय, त्यात लेन्स चालतील का? चष्म्याला मागून पट्टा लावतात तो उपयोगाचा आहे का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

माळशिरसकर

ताई, पहिलं म्हणजे चष्मा काढून बसू नका, कुणी का सांगंना. सरांचा मी अपमान करत नाही, शिकवणारा माणूस मोठाच, पण हे चुकीचंय. घोडी रस्ता बघते हे खरं, तिचे डोळे दोन्ही बाजूला असतात, मागचं थोडं सोडलं तर जवळजवळ सगळीकडचं दिसतं तिला. पण ती तिच्यापुरतं बघते. वर बसलेल्याचं डोकं बाभळीच्या फांदीला लागंल का हे ती बघत नाही.

आणि दुसरं, तुम्हाला तिचे कान दिसलेच पाहिजेत. आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत, आजोबा लहानपणी सांगायचे की बाकी काही बघू नको, कान बघ. तित्तर उडायच्या आधी तिचा एक कान तिकडं वळला असणार, दोन्ही कान टाचणीगत पुढं रोखले की समजायचं आता काहीतरी होणार, मांड घट्ट करायची. कान मागं चिकटले तर राग. हे तुम्हाला दिसलंच नाही तर प्रत्येक वेळी तुम्हाला धक्काच बसणार. शिवाय माणूस जिकडं बघतो तिकडं त्याचे खांदे, कंबर वळते, घोड्याला ते पाठीवर कळतं. न दिसणारा माणूस खाली मान घालून आखडून बसतो आणि घोडं पण आखडतं.

पट्ट्याचं म्हणाल तर लावाच. आमचे चुलते जाड काचेचा चष्मा वापरायचे, काड्यांना भोकं पाडून मागं नाडी बांधायचे, दिवाळीला अकलूजच्या घोडेबाजारात घोडी बघायला जायचे तर पाच-पाच घोड्यांवर बसून रपेट मारून बघायचे, चष्मा जागचा हलायचा नाही. आता रबरी कापडाचे रेडिमेड पट्टे मिळतात. फक्त गळ्यात लोंबणारी दोरी नको, ती फांदीत अडकती. डोक्याला मागून घट्ट बसणारा घ्या आणि तो हेल्मेटच्या खाली कवटीवर बसला पाहिजे. हेल्मेट घालता ना? मोटरसायकलचं नको, घोड्याचं वेगळं असतं.

काचवाला

मॅडम, माझं चष्म्याचं दुकान आहे सोलापुरात, २२ वर्षं हेच करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पट्टा हा नंतरचा विषय. चष्मा दुडकीवर घसरतो म्हणजे तो मुळात तुमच्या तोंडाला बसवलेलाच नाही. बहुतेक लोक चष्मा घेतात, घालतात, निघतात. काडी कानामागं कुठं वाकली पाहिजे हे कुणी बघतच नाही.

घरी एक टेस्ट करा. चष्मा घालून मान पूर्ण खाली घाला, पायाकडं बघा, आणि डोकं नाही-नाही म्हणतो तसं जोरात हलवा. घसरला तर काडीचं वळण मागं पडलंय. काडी कानाच्या वर जिथं टेकते तिथून लगेच खाली वळली पाहिजे, एक-दीड सेंटिमीटर मागं जाऊन वळली तर ती नुसती कानावर ठेवलेली आहे, धरत नाही. कुठल्याही चांगल्या दुकानात काडी गरम करून वळण पुढं घेऊन देतात, पाच मिनिटांचं काम, आमच्याकडं तर आम्ही पैसे पण घेत नाही. नाकाच्या पॅडचं पण तसंच, जुने झाले की पिवळे-कडक होतात आणि घामात साबणासारखे घसरतात. सिलिकॉनचे नवीन टाका.

आता तुमचा मोडलाच आहे तर नवीन करताना घोडीसाठी वेगळाच करा, शाळेचा तोच नको. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, ५२-१८-१४० असे काहीतरी. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरचा पूल, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमच्या नंबरला पहिला आकडा जितका लहान तितका बरा, ४८-५० बघा, कारण मायनसच्या काचेचा काठ जाड असतो, काच मोठी घेतली की काठ जाड, वजन पुढं, आणि वजन पुढं म्हणजे घसरण. फ्रेम लवचिक प्लॅस्टिकची, टीआर-९० म्हणतात ती. रिमलेस नको, मेटलची टोकदार पण नको, घोडीनं मान वर मारली आणि तुमच्या नाकावर बसली तर ती फ्रेम मांसात जाते.

काच पॉलीकार्बोनेट, दुसरं काही ऐकू नका. फुटून धार येत नाही. साध्या प्लॅस्टिकचा इंडेक्स (प्रकाश वळवायची ताकद) १.५, याचा १.५९, म्हणजे काठ पण पातळ होईल. ट्रायव्हेक्स पण चांगली, मिळाली तर. दोष एकच, पॉलीकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात, म्हणून हार्ड कोटिंग लागतंच. आणि कृपा करून ओढणीनं पुसू नका. काळ्या रानातली धूळ म्हणजे बारीक वाळूच आहे, कोरडं पुसलं की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. आधी पाण्याखाली धरायचा, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग मऊ कापड.

हेल्मेट दुकानात घेऊन या. हे माझं आवर्जून सांगणं आहे, कुणी आणत नाही. काडी जाड असेल तर हेल्मेटच्या आतलं पॅडिंग ती कानशिलावर दाबतं, अर्ध्या तासात डोकं ठणकतं आणि मग माणूस हेल्मेट ढिलं करतो, ते तर आणखी वाईट. काडी पातळ आणि सरळ हवी. आधी हेल्मेट घालून हनुवटीचा पट्टा लावायचा, नंतर चष्मा सरकवायचा, काडी पट्ट्याच्या वरून. डोळ्यांभोवती वळणारा गॉगल नंबरचा करून घ्यावा असं कुणीतरी सांगेल, पण साडेपाच नंबरला जास्त वळणाच्या काचेत कडेचं वाकडं दिसतं, जमीन जवळ-लांब वाटते. तुमच्यासाठी नाही तो.

अजून एक राहिलं. शेतावर गाडीत चष्मा ठेवून जाता का? एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ असतं तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कोटिंगला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. मग गिऱ्हाईक येऊन म्हणतं काच खराब दिली.

माळावरची

काचवाला दादा, टेस्ट केली आत्ताच जुन्या चष्म्यावर. पहिल्याच "नाही" ला तो ताटात पडला, जेवत होते. काडी खरंच कानाच्या मागं जाऊन वळलीय, इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. शनिवारी हेल्मेट घेऊन दुकानात जाते.

माळशिरसकर भाऊ, कानांचं वाचून अंगावर काटा आला, सर पण हेच सांगतात पण मला वाटायचं ते नुसतं सवयीनं म्हणतात. हेल्मेट घोडेस्वारीचंच आहे.

पण कॉन्टॅक्ट लेन्सचं कुणी बोललं नाही अजून. मैत्रीण म्हणते एकदा लावल्या की चष्म्याचा विचारच नको.

सात_रस्ता

मी बोलते. मूळची सोलापूरची, आता पुण्यात, नऊ वर्षं लेन्स वापरते आणि त्यातली सहा वर्षं घोड्यावर. खरं सांगायचं तर दिसण्याच्या बाबतीत लेन्ससारखं सुख नाही. चष्म्यात कसं, फ्रेमच्या बाहेर बघितलं की धूसर, वळणावर मान सगळी फिरवावी लागते, लेन्समध्ये नुसता डोळा फिरवला तरी कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. उडी शिकायला लागाल तेव्हा हा फरक जास्त कळेल. घाम नाही, पाऊस नाही, धुकं नाही.

पण मैत्रिणीनं सांगितलं तेवढं सोपं पण नाही गं. घोडेस्वारीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. सकाळी घोड्याला खरारा केला, म्हणजे अंग ब्रशनं घासलं, त्यात सगळी धूळ, कोंडा, केस हवेत उडतात, आणि डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून मी तसाच हात पँटला पुसून लेन्स काढली, तबेल्याच्या नळाखाली धरली आणि परत लावली. दोन मिनिटांचं काम. तिसऱ्या दिवशी डोळा लालबुंद, उजेड सहन होईना, खोलीत पडदे लावून बसले होते. बुबुळावर इन्फेक्शन, दीड महिना तासातासाला थेंब, आणि डॉक्टरांनी सांगितलं की थोडं आधी आलीस म्हणून डाग मध्यभागी नाही पडला. नळाच्या, बोअरच्या, तळ्याच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा जंतू असू शकतो, तो लेन्सखाली अडकला की बुबुळ खातो आणि लवकर हटत नाही. त्यामुळं हे माझ्याकडून शपथेवर घे: लेन्सला पाणी लागता कामा नये, कुठलंच, अगदी बिसलेरीचं पण नाही.

मी आता काय करते ते सांगते. रोज फेकायच्या लेन्स, डेली डिस्पोजेबल, फक्त घोड्याच्या दिवशी. घरूनच साबणानं हात धुऊन, कोरडे करून लावून निघते, तबेल्यात लावत नाही. खरारा, कडबा कुट्टी टाकणं ही कामं असतील तर वरून साधा झिरो नंबरचा गॉगल. धूळ गेलीच तर डोळा चोळायचा नाही, लेन्ससाठी चालणारे थेंब असतात ते दोन-तीन घालायचे. तरी टोचत असेल तर काढून फेकून द्यायची आणि चष्मा घालायचा. म्हणजे चष्मा बॅगेत पाहिजेच! लेन्स लावणाऱ्यानं चष्मा घरी ठेवून जाणं हा वेडेपणा आहे, एक लेन्स पडली तर एका डोळ्यानं अंतर कळत नाही. लेन्स लावून झोपायचं नाही, गाडीत डुलकी पण नको.

कडक लेन्स घेऊ नको घोड्यासाठी. त्या लहान असतात, खाली कण गेला की जीव जातो आणि धक्क्यानं उडतात पण. सॉफ्ट मोठी असते, बुबुळाच्या बाहेरपर्यंत बसते, उडत नाही सहसा. पण सोलापूरचा मार्च ते मे मला आठवतो, तो कोरडा वारा... सॉफ्ट लेन्स सुकते आणि पापणी मारली की चिकटल्यासारखी होते. तिकडं आले की मी उन्हाळ्यात चष्म्यावरच बसते.

परतीचा_प्रवासी

वय ५७. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे पण चाळिशी आलेल्यांच्या कामाचा. मी प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतो, वर लांबचं, खाली वाचायचं. रिकिबीतनं (पाय ठेवायच्या कडीतनं) पाय काढून उतरताना खाली बघितलं की वाचायच्या भागातनं जमीन दिसायची, धूसर आणि जवळ आल्यासारखी. दोनदा पाय मुरगळला. मग नुसता लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा केला, तेव्हापासून त्रास नाही. माळशिरसकर, वारीतल्या पुरंदवडेच्या रिंगणाला मी दरवर्षी येतो, पुढच्या वर्षी भेटू.

ओपीडीतून

ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं काम. सात_रस्ता यांनी पाण्याचं लिहिलं ते अगदी खरं आहे, आमच्याकडं असे पेशंट येतात आणि त्यातले बहुतेक म्हणतात "नळाच्याच पाण्यानं धुतली होती".

माळावरची, तुम्हाला सिलिंडर १.२५ आहे, म्हणजे तुम्हाला साधी लेन्स चालणार नाही, टॉरिक लागेल. ती डोळ्यात ठराविक दिशेनंच बसावी लागते, त्यासाठी बहुतेक टॉरिक लेन्स खालच्या बाजूला किंचित जाड असतात. धक्क्यांमध्ये ती थोडी फिरली तर क्षणभर धूसर होतं, दोन-तीन वेळा पापणी मारली की जागेवर येते. म्हणून ट्रायल लेन्स लावून दुडकीवर जाऊन बघा, क्लिनिकच्या खुर्चीत बसून ठरवू नका. चष्म्याचाच नंबर सांगून ऑनलाइन मागवू पण नका. चारच्या वरच्या मायनसला लेन्सचा नंबर कमी लागतो, तुमचा ५.५ चा साधारण ५.२५ च्या आसपास येईल, कारण लेन्स डोळ्यावरच बसते आणि चष्मा बारा-एक मिलिमीटर पुढं असतो. बुबुळाची गोलाई मोजावी लागते ती वेगळी.

आता जे कुणी विचारलं नाही ते. मोठ्या मायनस नंबरचा डोळा मागून लांब झालेला असतो, त्यामुळं आतला पडदा ताणलेला, पातळ असतो. अशा लोकांना पडदा फाटण्याची, सुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. घोडेस्वारी बंद करा असं मी म्हणत नाही. पण शिकणं पुढं नेण्याआधी एकदा बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा तपासून घ्या आणि वर्षातनं एकदा ते करत जा. पातळ जागा किंवा भोक सापडलं तर लेझरनं बंद करता येतं. थेंब घातलेल्या दिवशी मात्र घोड्यावर बसू नका, चार-सहा तास धूसर राहतं, उजेड लागतो. आणि पडलात किंवा डोक्याला मार बसला, किंवा काहीच न होता अचानक विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेनं पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. दुखत नाही म्हणून लोक थांबतात. पडदा सुटताना दुखतच नाही.

आईंना सांगा, ऑपरेशन वाईट नाही. पण लॅसिकमध्ये बुबुळाचा पातळ पापुद्रा उचलून परत ठेवतात, डोळ्याला जोराचा मार बसला तर तो नंतरही सरकू शकतो. पापुद्रा न काढता वरूनच लेझर करायची पद्धत आहे, पीआरके, ती मार लागणाऱ्या खेळांच्या लोकांना बऱ्याचदा सुचवतात, बरं व्हायला वेळ जास्त लागतो. बुबुळाची जाडी बघूनच ठरतं. भेटायला जाल तेव्हा "मी घोड्यावर बसते" हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि नंबर गेला तरी पडदा तेवढाच ताणलेला राहतो, तपासणी सुटत नाही.

माळावरची

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचं वाचून आधी पडदा तपासून आले. उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला एक पातळ जागा निघाली, भोक नाहीये, डॉक्टर म्हणाले सध्या लेझरची गरज नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा, घोडेस्वारी चालू ठेवा पण पडलात तर यायचं. ओपीडीतून, तुम्ही लिहिलं नसतं तर मी आयुष्यात हे केलं नसतं, मनापासून आभार.

चष्मा केला. ४९ ची फ्रेम, पॉलीकार्बोनेट, हेल्मेट नेलं होतं दुकानात, तिथला मुलगा आधी बघतच राहिला पण मग त्यानं हेल्मेट माझ्या डोक्यावर असतानाच काडी तीनदा गरम करून बसवली. वरून पट्टा. काल पहिल्यांदा दुडकीवर अकरा फेऱ्या मारल्या आणि हात एकदाही लगामावरनं सुटला नाही. सर काहीच बोलले नाहीत, म्हणजे बोलायला काही नव्हतं. सातव्या-आठव्या फेरीला बांधाजवळ आलो तसा घोडीचा डावा कान वळला, मी मांड घट्ट केली, गवतातनं मुंगूस गेलं पळत. घोडी नुसती थबकली.

लेन्स पावसाळ्यानंतर ट्रायल घेऊन बघणार, आता नको. एकच राहिलंय, कपाळावरनं घाम काचेवर थेंब थेंब गळतो, त्याचं काय करू?

माळशिरसकर

मुंगूस दिसलं म्हणजे झालं ताई काम! घामाला सुती पंचा फाडून दोन बोटं रुंद पट्टी करा, कपाळाला बांधा आणि वरनं हेल्मेट. पातळच ठेवा, जाड केली तर हेल्मेट वर चढतं आणि सैल बसतं. दर रविवारी धुवायची तेवढी, नाहीतर खाज सुटती.

काचवाला

आणि घरी आल्यावर चष्मा पण धुवा, घामाचं मीठ पॅडवर बसतं. साधा भांड्याचा लिक्विड साबण एक थेंब, गार पाणी. महिन्यानं स्क्रू बघून घ्यायला या किंवा जवळच्या दुकानात जा, दुडकीच्या हादऱ्यानं ते ढिले होतातच.